लाइक भरपूर, ऑर्डर शून्य: पैठणीच्या इन्स्टाग्राम पानावर नेमकं कुठे अडतं

येवल्यात आमच्या घरी चार माग आहेत. सासरे आणि दीर मागावर बसतात, विक्री आणि इन्स्टाग्रामचं पान मी सांभाळते. ओळखीच्या विणकरांची पानंही अधूनमधून बघून देते. तक्रार बहुतेक वेळा एकच असते आणि लग्नसराई जवळ आली की नव्याने कानावर येते: "ताई, रीलला लाइक भरपूर आले, पण ऑर्डर एकही नाही." सुरुवातीला माझंही हेच व्हायचं. बांगडी मोराच्या (बांगडीसारख्या वर्तुळात मोर असलेल्या) एका पदराची रील ४० हजारांवर लोकांनी पाहिली होती आणि त्या आठवड्यात फोनवरून एकही साडी गेली नव्हती.

ताण्यातला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, तार तुटला तर आपण अख्खा ताणा कापून टाकत नाही. बोटांनी चाचपत तुटलेला तार शोधतो, तेवढाच जोडतो आणि पुढे विणतो. पानाच्या बाबतीत मात्र घाई होते. ऑर्डर येत नाही म्हणून नवा फोन घेतला जातो, पानाचं नाव बदलतं, जाहिरातीवर पैसे जातात, आणि तार तुटलेलाच राहतो. म्हणून खालचं सगळं आधी तपासा, मग खर्चाचं बघा.

आधी बघा, गिऱ्हाईक कुठे गळतंय

पान अजून वैयक्तिक (पर्सनल) खात्यावर चालत असेल तर ते सेटिंगमधून व्यावसायिक (प्रोफेशनल) करून घ्या. पैसे पडत नाहीत. त्याशिवाय इनसाइट्सचे आकडे दिसतच नाहीत आणि आकड्यांशिवाय आपण अंधारात चाचपडत राहतो.

मग शेवटच्या आठ-दहा पोस्ट उघडा आणि प्रत्येकीखाली किती जणांपर्यंत पोहोचली, किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी पुढे पाठवली, किती जण प्रोफाइलवर आले आणि त्यातून किती मेसेज आले हे वहीत लिहून काढा. लाइकचा आकडा वहीत लिहूच नका. लाइक करायला अंगठा लागतो. साडी घ्यायची तर आई, बहीण, सासू आणि मैत्रीण यांच्याशी बोलणं होतं, आणि ते बोलणं सुरू झालं की पोस्ट पुढे पाठवली जाते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं, की आपल्याला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोस्ट पोहोचायची असेल तर ती किती जण पुढे पाठवतात याला लाइकपेक्षा जास्त वजन आहे. साडीच्या धंद्याला हे तंतोतंत लागू पडतं.

वहीतले आकडे शेवटाकडून वाचत या. पैसे येतात पण साडी परत येते, तर दोष बहुधा रंगात आहे. मेसेज येतात पण पैसे येत नाहीत, तर किंमत, विश्वास किंवा उत्तराला लागणारा वेळ तपासा. प्रोफाइलवर लोक येतात पण विचारत नाहीत, तर प्रोफाइलच काही सांगत नाही. पोस्ट हजारोंना दिसते आणि पुढे काहीच घडत नाही, तर ती भलत्याच गर्दीला दिसते आहे. पैशाच्या सगळ्यात जवळचं भोक आधी बुजवा. वरून कितीही पाणी ओतलं तरी तळाला भोक असलेली घागर भरत नाही.

साडी परत येते: "फोटोत रंग वेगळा होता"

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

पैठणीचा रंग कॅमेऱ्याला सापडत नाही याला कारण खुद्द विणण्यात आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव येते. एका बाजूने बघाल तर डाळिंबी, जरा कलती केली की जांभळी. त्यात रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळे प्रकाश त्यावरून लोलकासारखा फुटतो. वर जर, म्हणजे सोनेरी-रुपेरी तार, चमकते. स्थिर फोटो यातला एकच कोन पकडतो, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात तोच रंग बसतो.

दुसरा घोटाळा फोन करतो. समोरच्या दृश्याचे सगळे रंग मिळून सरासरी करडी यावी, असं धरून फोन पांढऱ्या रंगाचा तोल आपोआप लावतो. चौकटभर राणी रंगाचीच साडी आली की फोनला वाटतं उजेडच गुलाबी आहे, आणि तो रंग हिरव्याकडे ओढून फिका करतो. वर ट्यूबलाइट, बाजूला पिवळा बल्ब आणि दारातून येणारं ऊन असा तिहेरी उजेड असला तर एकाच साडीचा काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचं येतं. आपल्या बहुतेक माग-खोल्यांत असाच उजेड असतो.

मी आता हे करते. खोलीतले सगळे दिवे बंद करते. सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान, जिथे थेट ऊन पडत नाही पण उजेड भरपूर आहे अशा ओट्यावर किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी साडी पसरते. थेट उन्हात फोटोत जरीची तार पांढरी फटक येते आणि नक्षी दिसेनाशी होते, म्हणून ऊन नकोच. साडीशेजारी एक साधा कोरा पांढरा कागद ठेवते. पडद्यावर कागद पांढरा दिसला तर साडीचाही रंग जवळपास बरोबर आहे. तो निळसर किंवा पिवळसर दिसला तर फोटो घेण्यात अर्थ नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असतो. त्यात व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर पक्का करून टाका. पडद्यावर बोट ठेवून उजेड किंचित खाली ओढा, म्हणजे जरीची चमक फुटणार नाही. आणि साडीवर फिल्टर कधीही लावू नका, अगदी हलकासुद्धा नाही. चेहऱ्याला लावलेला फिल्टर साडीलाही लागतो. घरच्या मुलीने हौसेने साडी नेसून रील केली की तिथे हे हमखास होतं.

इतकं करूनही गिऱ्हाइकाचा पडदा आपल्या हातात नाही. कुणाच्या फोनवर रंग भडक करणारा मोड चालू असतो, कुणी रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा केलेला असतो. म्हणून रंग शब्दांतही लिहा, आणि शब्द आपले वापरा. 'ग्रीन' लिहिलं तर वाचणारीला काहीच कळत नाही. राघू म्हटलं की पोपटाचा हिरवा डोळ्यांसमोर येतो, मोरपंखी म्हटलं की वेगळा, रामा म्हटलं की आणखी वेगळा. डाळिंबी, अंजिरी, वांगी, आमसुली, कुसुंबी, अबोली हे शब्द कुठल्याही पडद्यावर बिघडत नाहीत. शिरोदक (पांढरी) आणि चंद्रकळा (काळी) म्हटलं तर आपल्या आज्यांना फोटोही लागत नाही. धूपछाँव असेल तर ताणा आणि बाणा दोन्ही लिहा: "ताणा जांभळा, बाणा डाळिंबी, उन्हात लालसर दिसते."

आणि फोटोच्या जोडीला १० सेकंदांचा व्हिडिओ हवाच. साडी हातावर घ्या, सावकाश डावीकडे-उजवीकडे कलती करा, दोन्ही रंग दिसू द्या. पैसे घेण्याआधी तोच व्हिडिओ गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. व्हॉट्सअॅप फोटो-व्हिडिओ दाबून लहान करतं, तेव्हा एचडी पर्याय निवडा किंवा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याच कारणाने एक चूक टाळा: दिराने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो उतरवून घेऊन तोच इन्स्टाग्रामवर चढवणं. तिथे तो पुन्हा दाबला जातो आणि असावलीच्या वेलीचा चिखल होतो. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीखाली उच्च दर्जाने अपलोड करण्याचा पर्याय आहे, तोही चालू करून ठेवा.

"खरी आहे का सेमी?"

मेसेज येतो, दोन प्रश्न विचारले जातात आणि बाई गप्प होते. तिला भीती असते ती फसण्याची. यंत्रमागावरची सेमी पैठणी फोटोत हुबेहूब दिसते, हे तिला माहीत आहे.

उत्तर आपल्या पदरातच आहे, फक्त तो उलटा करून दाखवायचा. हातमागावर कांड्यांनी (रंगीत रेशीम गुंडाळलेल्या लहान नळ्यांनी) भरलेली नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. जॅकार्डच्या (नक्षीसाठी धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेच्या) सेमीला मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. पदर सरळ, मग उलटा, असा ६ सेकंदांचा व्हिडिओ प्रत्येक साडीचा ठेवा. माझ्या पानावर मोठ्या मेहनतीने केलेल्या रीलपेक्षा हे साधे व्हिडिओ जास्त पुढे पाठवले जातात. बायका ते आईला पाठवतात आणि आई लगेच ओळखते.

इथे प्रामाणिक राहा. हातमागावरची ब्रोकेड पैठणी जॅकार्ड लावूनच होते आणि तिच्याही मागे धागे दिसू शकतात. ती विकत असाल तर तसं स्पष्ट लिहा. सेमी विकत असाल तर सेमी लिहा, तिचंही गिऱ्हाईक वेगळं आहे आणि ते येतं. सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) किंवा हातमागाचं चिन्ह असेल तर लेबल जवळून दाखवा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण पोस्टमध्ये नुसतं 'जीआय' लिहून विश्वास बसत नाही. उलटा पदर आणि मागावर बसलेला माणूस दिसला की बसतो.

"किंमत डीएममध्ये"

हे लिहिणं आजच बंद करा. शेजारचा भाव पाडेल या भीतीने आपण किंमत लपवतो, पण शेजाऱ्याला आपला भाव आधीच माहीत असतो. माहीत नसतो तो फक्त गिऱ्हाइकाला. अनोळखी पुरुषाच्या पानावर मेसेज टाकून किंमत विचारायला कितीतरी बायका संकोचतात. काहींना वाटतं, लिहिली नाही म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची असणार, आणि त्या पुढे सरकतात.

किंमत लिहा आणि तिच्या शेजारी ती तेवढी का आहे तेही लिहा. "१८,५०० रुपये. हातमाग, शुद्ध रेशीम, मुनिया काठ, पदरावर मोर, विणायला लागलेले दिवस इतके." मागावरचे दिवस लिहिले की घासाघीस कमी होते, हा माझा अनुभव आहे. ऑर्डरप्रमाणे विणत असाल तर "इतक्यापासून पुढे" एवढं लिहिलं तरी पुरतं.

प्रत्येक साडीला एक नंबर द्या आणि तो फोटोवरच टाका. लोक स्क्रीनशॉट काढून महिन्याने पाठवतात, "ही आहे का?" नंबर नसेल तर आपण सत्तर फोटो चाळत बसतो आणि तोवर त्या दुसरीकडे गेलेल्या असतात. विकली गेलेली साडी पानावरून काढू नका, नंबरापुढे 'गेली' लिहा. काय विकलं जातं हे बघूनही नव्या माणसाचा विश्वास बसतो.

मेसेज येतात, दिसत नाहीत

एका विणकर काकांच्या फोनवर आम्ही दोघांनी मेसेज रिक्वेस्टचा कप्पा उघडला तेव्हा आत कितीतरी प्रश्न पडून होते, काही दिवाळीच्या आधीचे. ओळख नसलेल्यांचे मेसेज मुख्य यादीत येत नाहीत, ते रिक्वेस्टमध्ये जातात, आणि काही त्याच्याही आतल्या लपवलेल्या कप्प्यात. सकाळ-संध्याकाळ दोन्ही कप्पे बघा. किंमत, पोस्टेज, ब्लाउजपीस, फॉल-पिको आणि पैसे कसे पाठवायचे यांची तयार उत्तरं लिहून ठेवा, म्हणजे हात धोट्यावरून उचलल्यावर अर्ध्या मिनिटात उत्तर जातं. बायोत व्हॉट्सअॅप बिझनेसची लिंक द्या आणि तिथल्या कॅटलॉगमध्ये त्याच नंबरांनी साड्या लावा.

प्रोफाइलचं नाव हाही असाच दुर्लक्षित कोपरा. शोधताना नावाच्या रकान्यातले शब्द धरले जातात. तिथे फक्त मुलाचं नाव आणि फुलाचं चित्र असेल तर "येवला पैठणी" शोधणाऱ्या बाईला आपण सापडणार कसे? त्या रकान्यात येवला, पैठणी, हातमाग हे शब्द घाला. बायोत गाव, पत्ता आणि स्वतः विणतो हे लिहा.

जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरची चौकोनी चित्रं उभी झाली. जुन्या पोस्टमध्ये कडेला लिहिलेला भाव किंवा काठ कापला जातो, याच्याही तक्रारी आल्या. नवे फोटो उभेच काढा, महत्त्वाचं सगळं मधोमध ठेवा. पदर तसाही उभाच शोभतो.

भलतीच गर्दी

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या, आणि आपल्यासारखे कितीतरी जण फोटो सोडून रीलकडे वळले. चालू गाण्यावर रील केली की ती गाण्याच्या चाहत्यांना दिसते, साडीच्या नाही. इनसाइट्समध्ये बघणाऱ्यांची शहरं आणि वयं दिसतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, इंदूर, बडोदा यांच्याऐवजी ओळख-पाळख नसलेली शहरं आणि विशीच्या आतली मुलं वर दिसली, तर समजा की गर्दी चुकली. विकत घेतलेले फॉलोअर आणि फुकट साडीच्या स्पर्धेतून आलेली माणसं हेच करतात. ती नंतर काहीच बघत नाहीत आणि पोस्ट खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत जायची थांबते.

व्यावसायिक खात्याला बरीच चालू गाणी मिळतही नाहीत, कारण धंद्यासाठी ती वापरायचे हक्क वेगळे असतात. याचं वाईट वाटून घेऊ नका. धोट्याची खटखट आणि फणीचा ठोका हा आवाज आपला आहे, आणि तो ऐकून लोक थांबतात. आमच्या ज्या रीलमधून सगळ्यात जास्त चौकशी आली तिच्यात सासऱ्यांची बोटं, चार कांड्या आणि मुनियाची चोच भरली जाताना दिसते. बोलणं नाही, गाणं नाही.

जाहिरातीवर पैसे लावायचेच असतील तर वरचं सगळं दुरुस्त झाल्यावर लावा. आणि जास्त लाइकची रील निवडू नका, जिच्यातून मेसेज आले ती निवडा.

पिंटरेस्टकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण ब्लाउजच्या पाठीचे आणि बाह्यांचे नमुने शोधायला बायका तिथे जातात, आणि तिथली चित्रं महिनोन् महिने सापडत राहतात. पैठणीवर शिवलेल्या ब्लाउजचे चार चांगले फोटो कॅटलॉगच्या लिंकसह तिथे टाकून ठेवा. अमेरिकेत, आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी यूट्यूबवर पदर कसा भरतात याचा निवांत, लांब व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो.

वेळेचाही विचार करा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. भरगच्च पदराच्या साडीला मागावर कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मुहूर्त लागल्यावर पोस्ट टाकली तर तयार माल असलेलं दुकानच विकणार. आम्ही ऑर्डरच्या साड्यांचं श्रावण-भाद्रपदातच बोलायला लागतो, आणि पोस्टमध्ये स्पष्ट लिहितो की आज सांगितली तर कोणत्या महिन्यात हातात मिळेल.

पैसे आणि पान दोन्ही जपा

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय साडी कुरियरला देऊ नका. "तुमच्या पानावर कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत लिंकवर जा" असा मेसेज आला तर लिंक उघडू नका, ते पान पळवणारे असतात. दुहेरी पडताळणी (टू-फॅक्टर) आजच चालू करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवायची शक्यता कमी. आपले फोटो चोरून सेमी विकणारी पानं असतात. त्यासाठी नाव कोपऱ्यात न टाकता पदराच्या मधोमध फिकट टाका, मूळ फोटो जपून ठेवा आणि इन्स्टाग्रामच्या कॉपीराइटच्या फॉर्मवरून तक्रार करा.

आता राहिली एक अडचण, जिच्यावर पडद्यावरून उपाय मला सापडलेला नाही. साडी विकली जाते आणि दुसरी बाई म्हणते, अगदी अशीच हवी. पण रेशीम पुन्हा रंगवलं की छटा थोडी फिरतेच, आणि कितीही चांगल्या उजेडात व्हिडिओ काढला तरी तो फरक तिला फोनवर नीट दिसत नाही. म्हणून मोठ्या ऑर्डरला आम्ही आता रंगवून आलेल्या रेशमाच्या लडीतून वीत-वीतभर दोरे काढतो, ताण्याचा एक, बाण्याचा एक आणि काठाचा एक, आणि ते पाकिटात घालून स्पीड पोस्टने पाठवतो. ते तिच्या हातात पडतात, ती दिवसाच्या उजेडात बघते आणि हो म्हणते. मग सासरे ताणा लावायला घेतात.